भिंतीला भोक पाडू की नको?

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त घरच्या इंटरनेटची आहेत. तार घ्यावी की बिनतारी, एवढंच विचारणारी. तेव्हा प्रिंटरवाल्यांनी आणि पासवर्ड हरवलेल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. एक आधीच सांगून टाकते. मी बावीस वर्षं शिडीवर चढून लोकांच्या घरांत तारा ओढल्या, आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा खाली उतरून लिहायला लागले. माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

प्रश्न: ताई, महिन्याभरात नव्या घरात राहायला जातोय. भिंती नुकत्याच रंगवल्या आहेत. एक कंपनी फायबर देते, पण त्यासाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडून हॉलपर्यंत तार आणावी लागेल. दुसरी ५जीचा डबा देते. प्लगमध्ये खुपसला की झालं, भोक नाही की तार नाही. मी घरून काम करते, दिवसाला तीन-चार व्हिडिओ कॉल असतात. नवरा आर्किटेक्ट आहे, त्याच्या फायली अवाढव्य असतात. काय घेऊ?

उत्तर: भोक पाडा. रंग पुन्हा लावता येतो.

पण आधी एक गुंता सोडवू, कारण बरीच पत्रं त्यात अडकली आहेत. 'बिनतारी' या एका शब्दात लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. रस्त्यावरून घरापर्यंत इंटरनेट कशातून येतं हा एक प्रश्न, आणि घरात शिरल्यावर ते खोल्याखोल्यांत कशातून फिरतं हा दुसरा. फायबर घेतलं तरी मोबाइल वाय-फायवरच चालणार. ५जीचा डबा घेतला तरी त्याच्या पाठीमागून लॅपटॉपला केबल लावता येते. तुमचा प्रश्न पहिला आहे.

फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्यातही प्रकाश धावतो तो अगदी मधल्या ९ मायक्रॉनमधून. एकाच धाग्यात १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डेटा घेऊन तुमच्याकडे येतो आणि १३१०चा तुमच्याकडून घेऊन जातो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सुटं टोक 'उजेड येतोय का बघू' म्हणत डोळ्यासमोर धरायचं नाही. माझ्या हाताखालचे शिकाऊ हमखास धरायचे आणि हमखास ओरडा खायचे.

हा धागा एकट्या तुमचा असतो असं विकणारे सांगतात, ते अर्धंच खरं. वाटेत एका पेटीत काचेचाच फाटा असतो, तिथे एका धाग्याचे ३२ किंवा ६४ घरांत वाटे होतात. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत या सगळ्यांना मिळून सेकंदाला येणारे सुमारे अडीच आणि जाणारे सव्वा गिगाबिट असतात. म्हणजे वाटणी इथेही आहे. पण वाटेकरी मोजके आहेत आणि ते जागचे हलत नाहीत.

टॉवरचे वाटेकरी मोजायला गेलात तर संध्याकाळी एक आकडा आणि पहाटे दुसरा. तुमचा डबा, शेजाऱ्यांचे डबे, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन, सगळे त्याच हवेतून ओढतात. विक्रेता सकाळी अकराला येऊन स्पीड दाखवून जातो, तेव्हा आकडा झकास असतो. रात्री साडेआठला बोलवा त्याला.

तुमच्या घरात दुसरी अडचण जास्त बोचेल. ५जीच्या बहुतेक जाळ्यांत टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो, आणि बोलण्याला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राखून ठेवतो. सिनेमा बघणाऱ्याला ते सोयीचं. तुमच्या घरातून मात्र डेटा बाहेर जायचा आहे. तुमचा चेहरा कॉलवर, त्याची ड्रॉइंग क्लायंटकडे. त्याने फाइल चढवायला लावली की तुम्ही कॉलवर तोंड उघडं ठेवून गोठणार.

डबा कधी घ्यावा? भाड्याच्या घरात सहा महिनेच राहायचं असेल तेव्हा. फायबर दारापर्यंत पोचतच नसेल तेव्हा. किंवा फायबर तुटलं तर हाताशी दुसरं काही असावं म्हणून. घेतलाच तर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा आणि हातभर इकडे, हातभर तिकडे सरकवून स्पीड बघा. एवढ्या अंतरानेही मोठा फरक पडलेला मी पाहिला आहे. ऊन अडवायला धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा असतील, तर त्या लहरीही अडवतात. आणि परत करायची मुदत संपायच्या आत सलग आठवडाभर रात्रीच्या वेळी तपासा.

आता भोकाबद्दल. ड्रिल आतून बाहेर किंचित उताराने मारायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी तारेबरोबर घरात येणार नाही. बाहेर तार भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यायला लावा, पाणी तिथूनच ठिबकेल. कोपऱ्यात तार काटकोनात मुडपू देऊ नका, वळण निदान बांगडीएवढं गोल हवं. काच मोडली नाही तरी फार तीव्र वळणावर प्रकाश गळतो, आणि मग 'मधूनमधून जातं' अशी तक्रार सुरू होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तार घराच्या मध्यापर्यंत आणायला लावा. बसवणारा दाराजवळच्या कोपऱ्यात डबा ठोकून मोकळा होतो, कारण तार कमी लागते आणि त्याला पुढच्या घरी जायचं असतं. मी स्वतः दमलेल्या दिवशी हे केलेलं आहे. ज्यांच्या घरी केलं त्यांची क्षमा मागते.

प्रश्न: आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, फायबरच. हॉलमध्ये वाय-फायवर २८० मिळतात, मागच्या खोलीत ३५. तुमचा मागचा लेख वाचून लॅपटॉपला केबल लावली तर ९४! तार वाय-फायपेक्षाही हळू निघाली. मग तारेचं एवढं कौतुक कशाला करता?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला भारी आनंद झाला, कारण ९४ हा आकडा म्हणजे गुन्हेगाराने मागे ठेवलेला बोटाचा ठसा आहे.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. एक गिगाबिटला चारही हव्यात. एखादी तार आत तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून गुपचूप १००वर उतरतात. लाल दिवा नाही, सूचना नाही, काही नाही. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर पत्त्याचं वेष्टन चढतं, त्या १००मधून त्याचा खर्च वजा जाता हातात पडतात ९४-९५. म्हणजे तुमची केबल खराब आहे, नाहीतर लॅपटॉपचं किंवा राउटरचं पोर्टच जुनं, १००चं आहे. आधी केबल बदला. विकत घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात असते, ती वाकवताना लवकर तुटते. केबलचा कॅट-६ हा दर्जा घरासाठी भरपूर झाला. त्याच्या वरच्या आकड्यांच्या नादी लागू नका.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्याच घरी दोन महिने ९४ येत होते आणि मी, जिने जन्मभर हेच केलं, कंपनीला फोन करकरून भांडत होते. त्यांचा मुलगा आला, राउटरपासून तार धरून चालत गेला आणि कपाटापाशी थांबला. दिवाणखान्यातलं कपाट मीच सरकवलं होतं, त्याचा पाय केबलवर. तो काही बोलला नाही. मीही नाही.

आता मागच्या खोलीतले ३५. हॉल आणि ती खोली यांच्या मध्ये काय काय आहे? सळयांच्या काँक्रीटची भिंत, आरशाचं कपाट, फ्रिज, माशांची पेटी, ही सगळी लहरींच्या वाटेतली धोंड. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण भिंतींपुढे नरम. २.४चा पट्टा लांब जातो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत, १, ६ आणि ११. त्यात शेजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी दाटीवाटीने बसलेली.

शिवाय वाय-फायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. सभेत माइक एकच, बाकीचे गप्प. तुमचा आठ वर्षं जुना फोन माइक हातात घेऊन सावकाश बोलत बसला, की नव्याकोऱ्या लॅपटॉपलाही ताटकळावं लागतं. गंमत म्हणजे तारेनेही हा पाळीचा नियम हवेकडूनच उचलला. हवाईच्या विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन आणि मंडळींनी १९७१मध्ये बेटं रेडिओने जोडली. ते वाचून बॉब मेटकाफने १९७३मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत तारेवरचं जाळं मांडलं आणि त्याला नाव दिलं इथरनेट. पूर्वी शास्त्रज्ञ प्रकाशाचं माध्यम म्हणून ज्या 'ईथर'ची कल्पना करत, त्यावरून. तारेला नाव पडलं ते पोकळीत भरलेल्या एका काल्पनिक द्रव्याचं! पुढे स्विच, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणारे डबे आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची तार आणि येण्याजाण्याच्या वेगळ्या वाटा मिळाल्या, तारेची पाळी सुटली. हवेची सुटलेली नाही.

दुकानात तुम्हाला 'रिपीटर' गळ्यात मारतील. स्वस्तातला, एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकलेलं तेच त्याच हवेत पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा हॉलमधून मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून एक केबल न्या आणि तिच्या टोकाला दुसरं वाय-फायचं यंत्र लावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, घरात कुणाला ती नडत नाही. मेश, म्हणजे घरभर मिळून एकच वाय-फाय देणाऱ्या यंत्रांचा संच, घेतलंत तरी त्याचे ठोकळे एकमेकांना तारेने जोडता आले तर जोडाच.

पण त्या खोलीत करता काय? पडून सिनेमा बघत असाल तर अगदी ४केलाही साधारण २५ एमबीपीएस पुरतात. तसं असेल तर केबल बदला आणि ३५वर निवांत झोपा.

प्रश्न: मी अकरावीत आहे. बाबा म्हणतात तार लोंबकळते, दिसायला वाईट दिसते. तारेने ऑनलाइन गेम खरंच नीट चालतो का? त्यांना कसं पटवू?

उत्तर: चालतो, पण 'स्पीड'चं नाव काढू नकोस, गेमला स्पीड फारसा लागतच नाही. वाय-फायची सरासरी चांगलीच असते. ते मधूनच एखाद्या क्षणी अडखळतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तू मरतोस. बाबांसमोर आपल्याच राउटरला शंभर वेळा पिंग कर, म्हणजे छोटी हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोज, आधी वाय-फायवर, मग तारेवर. तारेवर शंभरही उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आत येतील. वाय-फायवर २, ३, २, ४ असं चालता चालता मध्येच ६०-७० दिसेल. तो आकडा बोट ठेवून दाखव. आणि लोंबकळणारी तार पट्टीत घालून भिंतीला चिकटवायचं काम तू कर, त्यांच्यावर टाकू नकोस. घरात कुणी त्याच वेळी फोटो चढवत बसलं असेल तर मात्र राउटरमध्येच रांग लागते. तिथे तार काही करू शकत नाही, राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस शोध, रांगेत कुणाला आधी सोडायचं ते तिथे ठरतं.

प्रश्न: माझी नात आठ महिन्यांची आहे. तिचा पाळणा ज्या भिंतीला आहे तिथेच वाय-फायचा राउटर लावला आहे. मी रोज रात्री तो बंद करतो. सूनबाई हसतात. मी उगाच घाबरतो का?

उत्तर: काका, घाबरण्यासारखं काही नाही, पण राउटर तिथून हलवा. दोन्ही सांगते.

वाय-फायची ताकद वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि अंतर दुप्पट झालं की ती चौथा हिस्सा उरते. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू फोडणाऱ्या जातीच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये रेडिओलहरींना '२ब' गटात टाकलं, ती बातमी तुम्ही वाचली असेल. त्या गटाचा अर्थ असा की पुरावा तोकडा आहे, पण शक्यता पुसून टाकता येत नाही. आणि तो तोकडा पुरावाही मुख्यतः वर्षानुवर्षं मोबाइल डोक्याला लावून बोलणाऱ्यांबद्दलचा होता. राउटर दोन मीटर दूर नेलात की तुमच्या शंकेला उरलेली जागाही बरीच कमी होते.

मला खरी काळजी वाटते ती अडॅप्टरच्या लोंबणाऱ्या वायरीची. आठ महिन्यांचं मूल हाताला लागेल ते ओढतं आणि गळ्यात अडकवून घेतं. पाळण्याच्या हाताच्या टप्प्यात कुठलीही वायर नको, मग ती राउटरची असो की दिव्याची. रात्री बंद करायला हरकत नाही, मात्र काही राउटरांचे सुरक्षेचे अपडेट रात्रीच उतरतात, तेव्हा आठवड्यातून एखादी रात्र चालू राहू द्या. आणि सूनबाईंना म्हणावं, राउटर हलवायला बाबांना मदत करा, मग हसा.

प्रश्न: आमचं घर वस्तीपासून सात किलोमीटरवर, टेकडीच्या अल्याड आहे. फायबर येणार नाही, मोबाइलला जेमतेम एक कांडी. जुनी टेलिफोनची तार आहे. काही इलाज?

उत्तर: टेलिफोनच्या तारेवर डीएसएल नावाचं इंटरनेट असतं, पण तांब्यात सिग्नल अंतराबरोबर विरत जातो. सात किलोमीटरवर हाती काही लागणार नाही, तो नाद सोडा.

उपग्रह दोन जातींचे. जुने ३५,७८६ किलोमीटरवर. तुमची विनंती वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, एवढ्या प्रवासाला प्रकाशालाही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पत्रव्यवहार होईल, पण फोनवर दोघं एकमेकांच्या बोलण्यात पाय घालत राहतात. नवे, साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह या बाबतीत कितीतरी बरे, व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो. ते सतत सरकत असतात, म्हणून डिशला मोकळं आकाश मोठं लागतं. एक झाड आडवं आलं तरी दर काही मिनिटांनी कॉल तुटेल. मुसळधार पावसात थोडा वेळ जाईल, हे धरून चाला.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. टेकडीच्या माथ्यावरून तुमचं घर आणि फायबर असलेलं एखादं घर, दोन्ही दिसतात का? दिसत असतील तर माथ्यावर सौर पॅनेलवर चालणारा रेडिओ ठेवून दोन टप्प्यांत जोडणी करता येते. तुमच्याकडे कोणत्या लहरींना परवानगी आहे ते आधी विचारून घ्या. आणि नुसतं 'दिसतं' एवढ्यावर भागत नाही. दोन डिशांच्या मध्ये मधोमध फुगलेल्या चातीसारखी जागा मोकळी लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर सलग सात किलोमीटरचा टप्पा असता तर मध्यावर तिची त्रिज्या साडेनऊ मीटर भरली असती, आणि त्यातली निदान साठ टक्के रिकामी हवी. टप्पे छोटे केले की ती कमी होते.

मी अशी एक जोडणी पानगळीत केली होती. झाडं निष्पर्ण, सिग्नल सुरेख, माणसं खूश. पालवी फुटली आणि दर आठवड्याला वेग उतरत गेला. ओली पानं म्हणजे पाण्याच्या चकत्या, त्या लहरी पिऊन टाकतात. शेवटी खांब चार मीटर उंच केला, स्वतःच्या खर्चाने. तुमची पाहणी झाडं भरात असताना करा.

प्रश्न: वीज कडाडली आणि राउटरची दोन पोर्टं जळाली. फायबरमधून वीज आली का?

उत्तर: काचेतून वीज येत नाही. ती प्लगमधून आली, किंवा गच्चीवरच्या कॅमेऱ्याला नेलेल्या तांब्याच्या केबलमधून. जळालेल्या दोनपैकी एक पोर्ट त्या कॅमेऱ्याचंच होतं ना? काही फायबरच्या तारांना ताणासाठी पोलादी दोरा जोडलेला असतो, तो घराबाहेरच अडकवून कापलेला आहे का तेही बघा. इमारतीबाहेर जाणाऱ्या जोडणीला शक्य तिथे काचच वापरावी.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, सगळं सुरळीत होईल. ठेवला. आता दिवसातून दोनदा वाय-फाय मिनिटभर गायब होतं. आमचं घर विमानतळाजवळ आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर: संबंध आहे, आणि चूक माझी. ५ गिगाहर्ट्झमधले मधले बरेच चॅनेल रडारचे आहेत, आपण तिथे पाहुणे. रडारची चाहूल लागली की राउटरला ती जागा तत्काळ सोडावी लागते, आणि तशाच दुसऱ्या जागी बसण्याआधी निदान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. तुमचं मिनिट ते हेच. मी हे लिहायला विसरले. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'ऑटो'वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा, तिथे बहुतेक ठिकाणी रडारची अट नसते. दोन दिवस बघा. तरीही गेलं तर टीव्ही आणि राउटर यांच्यातलं अंतर भिंतीच्या कडेकडेने मोजून कळवा, वाटेतल्या दारांच्या चौकटी धरून. टीव्ही काही उठून दुसऱ्या खोलीत जात नाही. केबल किती मीटर लागेल ते मी सांगते.